इंजिन चालू असताना लहान विमान कोसळते कसे? ह्यूस्टनच्या २०१६ मधील अपघाताविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुतण्याने टेक्ससमध्ये खासगी वैमानिकाचा परवाना मिळवला आहे आणि पुढच्या भेटीत तो काका-काकूंना लहान विमानातून फिरवून आणणार आहे; पण ह्यूस्टनला २०१६ मध्ये झालेल्या एका अपघाताविषयी वाचल्यापासून काकांच्या मनात धाकधूक आहे. इंजिन चालू होते, भर दुपार होती, धावपट्टी समोर दिसत होती, तरीही उतरण्याचे तीन प्रयत्न करून ते विमान कोसळले कसे? ही सरळसरळ वैमानिकाची चूक नव्हे काय? आणि त्या विमानाला पॅराशूट होते म्हणतात, मग ते उपयोगी का पडले नाही?

मी गेली बावीस वर्षे उड्डाण-प्रशिक्षक आहे आणि त्यांतली बहुतेक वर्षे विदर्भातल्या धावपट्ट्यांवर मुलांना विमान उतरवायला शिकवण्यात गेली आहेत. हा अपघात मी प्रत्येक नव्या तुकडीपुढे मांडतो, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आधी जे घडले ते सांगतो. ९ जून २०१६ रोजी सिरस एसआर २० जातीचे एका इंजिनाचे विमान ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मनहून ह्यूस्टनच्या विल्यम पी. हॉबी विमानतळाकडे आले. विमानात वैमानिक धरून तिघे होते. वैमानिक महिलेला तीनशे तासांहून थोडा अधिक उड्डाणाचा अनुभव होता. हौसेने उडणाऱ्या खासगी वैमानिकासाठी हा अनुभव अगदी कच्चा म्हणता येणार नाही. हॉबी हा मात्र लहान विमानांचा निवांत विमानतळ नव्हे. तिथे बोइंग ७३७ विमानांची दिवसभर रीघ असते आणि एकमेकांना छेदणाऱ्या धावपट्ट्यांवर सगळी वाहतूक टॉवरमधल्या नियंत्रकाच्या शब्दावर चालते. पहिला प्रयत्न धावपट्टी ४ वर झाला. मागून बोइंग ७३७ येत होते आणि त्याचा वेग या विमानाच्या जवळपास दुप्पट, तेव्हा अंतर कमी पडते आहे असे पाहून नियंत्रकाने सिरसला उतरणे सोडून वर जायला सांगितले. नंतर धावपट्टी ३५ देण्यात आली. तिथे विमान फार उंचावर राहिले, म्हणून वैमानिकाने उतरणे सोडले. तिसऱ्या वेळी पुन्हा तेच झाले आणि पुन्हा वर चढत असताना विमान स्टॉल होऊन गिरकी घेत खाली आले. ते एका दुकानाच्या आवारात उभ्या असलेल्या रिकाम्या मोटारीवर आदळले. जमिनीवर कोणाला इजा झाली नाही, पण विमानातले तिघेही गेले.

म्हणजे हा अपघात उतरताना झाला असे आपण म्हणतो खरे, परंतु तो उतरणे सोडून दिल्यानंतर झाला आहे, आणि सगळे उत्तर या फरकावर उभे आहे. धावपट्टी जुळत नाही असे दिसल्यावर वर निघून जाणे, ज्याला आम्ही गो-अराउंड म्हणतो, हा निर्णय तिन्ही वेळा बरोबर होता. जबरदस्तीने विमान खाली दाबून धावपट्टीच्या टोकापलीकडे घरंगळत जाणारे वैमानिक कमी नाहीत. या बाईंनी तसे केले नाही. चूक झाली ती त्या बरोबर निर्णयानंतरच्या काही सेकंदांत.

येथे स्टॉल या शब्दाचा खुलासा करावा लागेल, कारण मोटार चालवणाऱ्या प्रत्येकाला त्यातून इंजिन बंद पडल्याचा अर्थ लागतो. विमानाच्या स्टॉलचा इंजिनाशी थेट संबंध नसतो. पंखाला उचल मिळते ती समोरून येणारी हवा त्याच्या वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहते म्हणून. पंख आणि समोरची हवा यांमधला कोन वाढत जाऊन साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पलीकडे गेला की हवा पंखाला धरून राहत नाही, ती सुटते आणि उचल एकदम ढासळते. वेग कमी असेल तर तेवढेच वजन पेलण्यासाठी पंखाला हा कोन वाढवावा लागतो. म्हणून कमी वेग आणि स्टॉल यांची सांगड लोकांच्या मनात बसली आहे. पण वळताना पंखांवरचा भार वाढतो, त्यामुळे तोच स्टॉल अधिक वेगालाही गाठू शकतो. उंची न गमावता ३० अंश कलून वळलात तर स्टॉलचा वेग सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, ४५ अंशांना १९ टक्क्यांनी आणि ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. इंजिन पूर्ण ताकदीने गर्जत असले तरी हा हिशेब बदलत नाही.

आता फ्लॅप. पंखांच्या मागच्या कडेला खाली उतरणारी ही झडप पंखाची वक्रता वाढवते, त्यामुळे विमान कमी वेगातही तरंगत राहते आणि म्हणून ती उतरताना खाली घेतात. आम्ही ज्यावर शिकवतो त्या सेसना १७२ एस विमानात पूर्ण फ्लॅप असताना स्टॉलचा वेग वेगदर्शकावर ४० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आहे आणि फ्लॅप वर असताना तो ४८ आहे. समजा, तुम्ही ४५ नॉटला आहात. फ्लॅप खाली आहेत तोवर विमान उडते आहे. तुम्ही फ्लॅपची दांडी सरळ वर ढकललीत, आणि बाकी काहीही बदलले नसताना, त्याच ४५ नॉटला विमान उडेनासे होते. त्यात तुम्ही वळणात असाल तर ४८ चा आकडाही खरा राहत नाही. ४५ अंश कलल्यावर तो ५७ होतो.

हॉबीला नेमके हेच झाले. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, विमानातल्या नोंदयंत्राचा अभ्यास करून काढलेला निष्कर्ष असा की, सुरक्षित वेग येण्यापूर्वीच फ्लॅप वर घेतले गेले. त्या क्षणी वेग साठ नॉटच्या आसपास होता, जो त्या विमानाच्या पुस्तिकेत फ्लॅप उचलण्यासाठी सांगितलेल्या वेगापेक्षा बराच कमी आहे, आणि विमान वळतही होते.

मग प्रश्न येतो की, तीनशे तास उडलेली व्यक्ती असे का करील? इथे माझ्या उजव्या आसनावरून जे दिसते ते सांगतो, कारण बाहेरून पाहणाऱ्याला गो-अराउंड म्हणजे थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारी दांडी, पुढे ढकलणे एवढेच वाटते.

विद्यार्थी फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत शेवटच्या टप्प्यात, असतो तेव्हा विमान कमी वेगासाठी ट्रिम केलेले असते, म्हणजे हात सोडला तरी ते त्या संथ वेगाला स्थिर राहील असे बसवलेले असते. त्याने थ्रॉटल पूर्ण पुढे नेला की त्या ट्रिममुळे आणि पंख्याच्या झोतामुळे नाक जोराने वर उसळते. ते दोन्ही हातांनी दाबावेसे वाटावे इतके जड लागते, पण एक हात थ्रॉटलवर असतो. त्याच क्षणी नाक डावीकडे ओढले जाते आणि नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या रडरच्या पायपट्टीवर उजवा पाय घट्ट रोवावा लागतो. समोर धावपट्टी नाकाखाली गडप होते आणि फक्त आभाळ दिसते. या गोंधळात विद्यार्थ्याच्या मनात एक गोष्ट पक्की असते, ती म्हणजे फ्लॅप वर घ्यायचे आहेत, कारण फ्लॅप हा अडथळा आहे आणि अडथळा काढला की विमान चढेल. हे अर्धे खरे आहे. पूर्ण फ्लॅप घेऊन विमान नीट चढत नाही, म्हणून पहिला टप्पा लगेच वर घ्यायचाच असतो. राहिलेले फ्लॅप मात्र वेग आल्यावर आणि उंची वाढते आहे हे पाहिल्यावर एकेक टप्प्याने. सेसनात फ्लॅपची दांडी थ्रॉटलच्या उजवीकडे असते आणि तिच्या मार्गात खाचा असतात, त्या मुद्दाम केलेल्या आहेत, हात अडखळावा म्हणून. घाबरलेला हात त्या सगळ्या खाचा एका झटक्यात ओलांडतो. मी ते अनेकदा पाहिले आहे. फ्लॅपच्या मोटारीची घरघर ऐकू येते आणि दोनेक सेकंदांनी आसन खालून सुटल्यासारखे वाटते, पोटात खड्डा पडतो, स्टॉलची शिट्टी वाजू लागते. तोवर माझा हात त्याच्या हातावर पडलेला असतो आणि विमानाचे नाक खाली आलेले असते. हॉबीला उजव्या आसनावर प्रशिक्षक नव्हता.

आता दुसरा थर. तिसऱ्या गो-अराउंडपर्यंत येता येता त्या वैमानिकाच्या डोक्यावर काय काय साचले होते, ते पाहिल्याशिवाय चूक या शब्दाला अर्थ येत नाही. धावपट्टी ३५ वर विमान दोनदा उंच का राहिले, याचा मी स्वतः हिशेब मांडून पाहिला आहे. त्या दिवशी वारा पूर्वेकडून होता, १३ नॉटच्या आसपास, मध्येच त्याहून जोरदार झोत. धावपट्टी ४ म्हणजे ४० अंशांची दिशा. पूर्वेचा वारा तिथे अर्धा समोरून, अर्धा बाजूने मिळतो. धावपट्टी ३५ म्हणजे ३५० अंश. ९० अंशांवरून येणारा वारा तिच्याशी १०० अंशांचा कोन करतो, म्हणजे तो जवळजवळ संपूर्ण बाजूचा आणि किंचित पाठीमागूनही. समोरचा वारा उतरणाऱ्या विमानाला जमिनीच्या मानाने संथ करतो, त्यामुळे उंची सोडायला वेळ मिळतो. इथे ती मदत शून्य होती. शिवाय पूर्वेच्या बाजूने येऊन बेस लेगवर, म्हणजे फायनलआधीच्या आडव्या टप्प्यात, पश्चिमेला तोंड केले तर तोच वारा पाठीवर बसतो आणि विमानाला फायनलच्या रेषेपलीकडे ढकलत नेतो. बेस लेग लवकर संपतो, उंची कमी करायची राहून जाते. मोठ्या विमानांच्या रांगेत मोकळी फट मिळावी म्हणून जवळून आखूड सर्किट, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीभोवती घ्यायची फेरी, मारायला लावले की ही अडचण दुप्पट होते. गावाकडच्या शांत धावपट्टीवर हाच वैमानिक लांब वळसा घेऊन व्यवस्थित उतरला असता, याविषयी मला फारशी शंका नाही.

आणि कानात सतत आवाज. आता ही धावपट्टी, आता ती. आता याच्या मागे जा, आता वेग वाढवा, आता उजवीकडून या. या पंधरा-वीस मिनिटांत टॉवरमध्ये त्या जागेवरचा नियंत्रकही बदलला. एनटीएसबीने या गोष्टीची स्पष्ट नोंद घेतली आहे. पहिल्या नियंत्रकाने या विमानाला गर्दीच्या सर्किटमध्येच फिरवत ठेवले, त्याऐवजी त्याला थोडे दूर नेऊन पुन्हा शांतपणे रांगेत आणता आले असते. दुसऱ्याने ऐन गो-अराउंडमध्ये, म्हणजे वैमानिकाचे दोन्ही हात-पाय गुंतलेले असताना, नको इतकी गुंतागुंतीची सूचना दिली. या दोन्ही बाबी अपघाताला हातभार लावणाऱ्या म्हणून नोंदल्या गेल्या. आणि तिसरी नोंदही आहे, ती मला सर्वांत जास्त बोचते: वैमानिकाने ठामपणा दाखवला नाही.

ठामपणा म्हणजे काय? विमानवाहतुकीच्या भाषेत त्यासाठी एकच शब्द पुरतो, अनेबल. जमणार नाही. नियंत्रकाने सांगितलेली गोष्ट मला सुरक्षितपणे करता येत नाही. हा शब्द उच्चारल्याबद्दल कोणी शिक्षा करीत नाही. वैमानिकाचा तो हक्क आहे, कारण विमानाची अंतिम जबाबदारी त्याची असते. किंवा नुसते स्टँडबाय म्हणावे आणि आधी विमान सरळ करावे. ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला जाणवते ते असे की, ही वैमानिक प्रत्येक सूचनेला नम्रपणे होकार देत राहिली, थांबा असे एकदाही म्हणाली नाही.

आपल्याकडच्या मुलांना शिकवताना मला हीच भिंत सर्वांत उंच वाटते. घरात वडील, शाळेत सर, क्लबमध्ये कॅप्टन, आणि रेडिओवर तो अनोळखी, अधिकारयुक्त आवाज. त्याला नाही म्हणणे म्हणजे उद्धटपणा असे संस्कार आपल्या हाडीमाशी आहेत. त्यातून ती सूचना इंग्रजीत, वेगाने, आणि मुलगा मनात मराठीत विचार करतो आहे. समजले नसले तरी त्याच्या तोंडून रॉजर, म्हणजे ऐकले, बाहेर पडते. गोंदियाजवळच्या बिरसीसारख्या ठिकाणी शिकलेला मुलगा पहिल्यांदा एकटा नागपूरच्या हद्दीत जातो आणि त्याच्या पुढे-मागे एअरबस येऊ लागतात, तेव्हा त्याच्या आवाजात हा होकार मला जमिनीवर बसूनही ऐकू येतो. म्हणून आता मी विमान सुरू करण्यापूर्वी मुलांना उभ्या विमानात बसवून मुद्दाम चुकीच्या सूचना देतो, लागोपाठ चार-पाच, आणि त्यांनी माझ्याशी अनेबल म्हटल्याशिवाय चावी देत नाही. पहिल्या दिवशी त्यांची जीभ उचलत नाही. काही मुले मान खाली घालतात. एका मुलीने अनेबलच्या आधी सॉरी सर म्हटले होते. ते सॉरी काढून टाकायला आम्हांला आठवडा लागला.

वैमानिकाची चूक की नाही, याचे उत्तर मी असे देईन. शेवटची कृती वैमानिकाच्या हातून झाली, आणि अहवालातही मुख्य कारण तेच लिहिले आहे; ते लपवण्यात अर्थ नाही, कारण पुढच्या वैमानिकाने फ्लॅप आणि वेग यांचा क्रम शिकलाच पाहिजे. परंतु त्या कृतीपर्यंत तिला ढकलत आणणाऱ्या पायऱ्या दुसऱ्यांनीही बांधल्या होत्या. शिकागो करारातील परिशिष्ट १३, ज्याच्या आधारे जगभर आणि आपल्याकडे विमान अपघात तपास ब्युरोमार्फत चौकशा होतात, ते स्पष्ट म्हणते की तपासाचा हेतू अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा जबाबदारी ठरवणे हा नाही. चूक कोणाची एवढे ठरवून अहवाल मिटला तर नियंत्रक काही शिकत नाही आणि प्रशिक्षकही काही शिकत नाही.

पॅराशूटविषयी. सिरसच्या विमानांत छताला लाल हँडल असते. ते ओढले की छोट्या रॉकेटने संपूर्ण विमानाचे पॅराशूट बाहेर फेकले जाते. त्याने अनेकांचे प्राण वाचवले आहेत. पण ते पूर्ण उघडेपर्यंत विमान खाली येतच असते. सपाट उड्डाणातून सुमारे ४०० फूट आणि एका वेढ्याच्या स्पिनमधून, म्हणजे गिरकीतून, सुमारे ९२० फूट उंची त्यात खर्ची पडते, असे त्या विमानाच्या चाचण्यांचे आकडे आहेत. गो-अराउंडमधले विमान जमिनीपासून काही शे फुटांवर असते. तिथे स्पिन सुरू झाल्यावर हँडलला हात घालायला सवड नाही आणि घातला तरी उंची नाही. हेच स्टॉलमधून बाहेर काढण्याविषयीही खरे आहे. तीन हजार फुटांवर आम्ही मुलांकडून स्टॉल करवून घेतो, नाक खाली, पंख सपाट, पूर्ण ताकद, आणि दोन-तीनशे फुटांत विमान पुन्हा उडू लागते. तेच सर्किटमध्ये घडले तर ते दोन-तीनशे फूट हाताशी नसतात. म्हणून तिथे स्टॉलमधून बाहेर काढण्याचे कौशल्य फारसे कामाचे नाही, त्याच्या जवळ न जाण्याचे कौशल्यच कामाचे.

राहिला तुमचा पुतण्या. त्याच्याबरोबर जरूर बसा, परवाना त्याला कोणी फुकट दिलेला नाही. मात्र त्याला दोन प्रश्न विचारा. शेवटचे गो-अराउंड कधी केलेस, आणि फ्लॅप कोणत्या वेगाला उचलतोस? दुसऱ्या प्रश्नाचा आकडा त्याच्या तोंडून न अडखळता आला पाहिजे. पहिल्याचे उत्तर सहा महिन्यांपूर्वी असे आले तर तुम्हांला नेण्याआधी त्याने प्रशिक्षकाबरोबर एक तास त्याचाच सराव करावा, आणि त्यात त्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. मी स्वतः दर महिन्याला तो करतो. पहिली फेरी मोठ्या शहराच्या विमानतळावर नको, जिथे टॉवर नसला तरी चालेल अशा एखाद्या लहान धावपट्टीवरून करा आणि वारा बाजूचा असेल तर दुसरा दिवस पाहा. विमान उतरायला खाली येऊ लागले की धावपट्टीवर चाके थांबेपर्यंत त्याच्याशी बोलू नका, खिडकीतून काही दाखवू नका, फोटोसाठी हाक मारू नका. इतर विमाने दिसली तर तेवढे मात्र बोटाने दाखवा. तो उतरणे सोडून पुन्हा वर गेला तर घाबरून काय झाले असे विचारू नका. आणि निघण्यापूर्वी, अजून सगळे जमिनीवर असताना, काका म्हणून त्याला एवढे सांगून ठेवा की आम्हांला कुठेही वेळेवर पोहोचायचे नाही, तू दहा वेळा वर गेलास किंवा दुसऱ्याच गावी उतरून आम्हांला टॅक्सीने घरी आणलेस तरी आमची काही हरकत नाही.